हे खरे आहे काय

साधा माणूस माझ्याकडे आला की अर्जाच्या तीन प्रती काढतो. एक साहेबाला, एक पोच घेऊन स्वतःला, तिसरी असू द्या म्हणून. भाऊ आले की नऊ निघायच्या. मुख्यमंत्री, पालकमंत्री, रोजगार हमीचे मंत्री, उद्योगमंत्री, आमदार, जिल्हाधिकारी, तहसीलदार, हे सात. उरलेल्या दोन खासदारांना. आमचा जिल्हा गोंदिया, पण आमगाव विधानसभा क्षेत्र लोकसभेसाठी गडचिरोली-चिमूरला जोडलेलं. गोंदिया शहर मात्र भंडारा-गोंदियात. म्हणजे आमचा खासदार एक आणि आमच्या जिल्ह्याच्या ठिकाणचा दुसरा. "दोघायलेही द्या जी," भाऊ म्हणायचे, "कोनाचा तरी पेन चालन."

तहसीलसमोर टायपिंगचं दुकान मी १९९६ साली टाकलं. तेव्हा जिल्हा भंडारा होता. १ मे १९९९ ला गोंदिया वेगळा झाला आणि माझ्याकडचे छापील अर्जांचे गठ्ठे एका रात्रीत जुने झाले. 'जि. भंडारा'वर फुल्या मारून वर 'गोंदिया' टाइप करत मी वर्षभर ते संपवले. मशीन रेमिंग्टन होतं. आता कॉम्प्युटर आहे, कृतिदेव जाऊन युनिकोड आलं, पण बोटं अजून रेमिंग्टनचीच आहेत. लोकांना वाटतं टायपिंगवाला म्हणजे सांगितलेलं छापणारा. तसं कधी होत नाही. माणूस येतो, खुर्चीत बसतो, "साहेब लय तरास आहे" एवढं म्हणतो आणि पुढचं "तुमीच लिवा" म्हणून माझ्यावर सोडतो. त्याचा त्रास 'विषय'मध्ये बसवणं हा माझा धंदा.

भाऊ म्हणजे आमगावला लागून असलेल्या एका गावचे माजी उपसरपंच. त्यांचं नाव लिहीत नाही. त्यांची हरकत नव्हती; उलट "लिवा ना, फोटोसहित छापा" असं म्हणाले होते. पण त्यांनी पक्ष दोनदा बदलला आहे, आणि नाव लिहिलं की वाचणारा आधी तेच मोजत बसेल. चार एकर धान, एक मोटरसायकल, पांढरा शर्ट आणि खिशात दोन पेन. एक चालणारा, एक दाखवायचा.

त्यांचं रोजगारावरचं पहिलं निवेदन मला चांगलं आठवतं, कारण त्यात चौदा मागण्या होत्या. तालुक्यात मोठा उद्योग आणावा. सुशिक्षित बेरोजगारांना नोकऱ्या द्याव्यात. धानाला बोनस द्यावा. पदमपूरला भवभूतीचं स्मारक करावं. रेल्वेचे थांबे वाढवावेत. असं करत करत शेवटी बाजारातल्या नालीपर्यंत. मी म्हटलं, भाऊ, एवढं एकाच कागदावर? तर म्हणाले, "एकाच खेपेत सांगून टाकाव." दीड महिन्यांनी उत्तर आलं: आपले निवेदन उचित कार्यवाहीसाठी संबंधित विभागाकडे अग्रेषित करण्यात आले आहे. भाऊंनी ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गावभर दाखवलं. त्या अग्रेषितचा अर्थ त्यांना सांगायचा माझा धीर झाला नाही.

भवभूतीचं नाव निघालं म्हणून सांगतो. संस्कृत नाटककार भवभूती आमच्या पदमपूरचा, असं आम्ही मानतो. कॉलेजला त्याचंच नाव आहे. आठव्या शतकातला हा माणूस विदर्भातून निघाला आणि कनौजच्या यशोवर्म्याच्या दरबारी नाव काढून राहिला. दुकानात एकदा यावर चर्चा झाली तेव्हा एक पोरगा म्हणाला, "म्हणजे त्यालेबी इथं काम भेटलं नसन." भाऊ हसले नाहीत. पुढच्या निवेदनात त्यांनी स्मारकाची मागणी चौथ्या क्रमांकावरून दुसऱ्यावर आणली.

इथलं काम म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला थोडं सांगावं लागतं. पाऊस आला की पऱ्हे टाकायचे, मग रोवणी, दिवाळीच्या आसपास कापणी-चुरणी. पुजारीटोल्याच्या कालव्याचं पाणी मिळणाऱ्यांना उन्हाळी धानही साधतं. बाकीच्यांच्या बांध्या नोव्हेंबरनंतर कोरड्या. राइस मिला आहेत आणि सरकारी धानाच्या भरडाईवर त्यांचं बरंच चालतं. क्विंटलभर धान घ्यायचं आणि ६७ किलो तांदूळ सरकारला परत द्यायचा, असा हिशेब. पण मिल मोठी दिसली तरी माणसं थोडीच लागतात. काही हमाल, एक ऑपरेटर, एक मुनीम. उन्हाळ्यात मोहफूल आणि तेंदूपत्ता, तोही काही दिवसांचा. मग उरतं ते स्टेशन. आमगावचं स्टेशन हावडा-मुंबई लाइनवर आहे. एका बाजूला डोंगरगड-रायपूर, दुसऱ्या बाजूला नागपूर. मिरची तोडायला तेलंगणात जाणारे, नागपुरात बांधकामावर जाणारे, पुण्याला कंपनीत जाणारे, सगळे इथूनच चढतात. माझ्या दुकानातून निघालेल्या रहिवासी दाखल्यांच्या अर्जांत किती जणांनी कारण म्हणून 'बाहेरगावी कामाकरिता' लिहिलं असेल, ते मोजायला हवं होतं. मोजलं नाही.

मोठा उद्योग म्हणाल तर जिल्ह्यात तिरोड्याला अदानींचा वीज प्रकल्प आहे, ३,३०० मेगावॅटचा. तो झाल्यावर भाऊंच्या हाती कुठून तरी उद्योग विभागाचा एक शासन निर्णय लागला, १७ नोव्हेंबर २००८ चा. उद्योगांनी पर्यवेक्षकाच्या जागांवर ५० टक्के आणि इतर जागांवर ८० टक्के स्थानिक माणसं घ्यावीत, असं त्यात आहे. भाऊ हरखले. "ऐंशी टक्के! टाइप करा, आमच्या तालुक्यातले किती घेतले ते सांगा." मी निर्णय पूर्ण वाचला. स्थानिक म्हणजे ज्याचा महाराष्ट्रात १५ वर्षांचा अधिवास आहे तो. तालुक्याचा नाही, जिल्ह्याचाही नाही.

भाऊ बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे कोल्हापूरचा मानूस इथं स्थानिक?"

"हो."

"आन माझी सून?"

त्यांची सून लांजीची. लांजी मध्य प्रदेशात, बालाघाट जिल्ह्यात. वाघ नदीपलीकडचं गाव, इथून बाजाराला जाऊन माणूस संध्याकाळी घरी येतो. आमच्याकडे मुली तिकडून येतात, तिकडे जातात, कोणाला राज्य आठवत नाही. तिच्या लग्नाला तेव्हा सहा वर्षं झाली होती. आयटीआय झालेली. "आखीन नऊ वर्सं," भाऊ म्हणाले आणि चहा न पिता उठले. ते निवेदन टाइप झालं नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. आमचं गाव शहर झालं.

आमगावची ग्रामपंचायत जाऊन आधी नगर पंचायत, मग आजूबाजूची गावं जोडून नगर परिषद, असा तो प्रवास. बनगाव, रिसामा, कुंभारटोली, पदमपूर अशी मिळून आठ गावं. कोणाला हवं होतं, कोणाला नको होतं, प्रकरण कोर्टात गेलं आणि वर्षानुवर्षं तिथेच राहिलं. निवडणूक नाही, प्रशासक. भाऊंची ग्रामपंचायत गेली आणि नगरसेवक व्हायला निवडणूकच नाही, त्यामुळे ते नुसते माजी राहिले. कोर्टाच्या बाजूंवर मी काही बोलत नाही. माझ्या टेबलावर काय आलं तेवढंच सांगतो.

२०२० चा उन्हाळा. लॉकडाऊन. हैदराबादहून, पुण्याहून, नागपूरहून माणसं परत आलेली. काही रेल्वेच्या रुळावरून चालत. एप्रिलच्या शेवटी रोजगार हमीची कामं सुरू करायला परवानगी मिळाली. मजुरी २३८ रुपये. तालुक्यातल्या इतर गावांत तलावाचा गाळ, बोडी, रस्त्याचं मातीकाम सुरू झालं. आमच्या आठ गावांत नाही. बांधाच्या एका बाजूला पलीकडच्या गावच्या बाया टोपली उचलताहेत आणि अलीकडे आमच्या गावच्या बाया उभ्या राहून बघताहेत, हे मी स्वतः पाहिलं आहे. त्या बांधाला आम्ही आजवर फक्त धुऱ्याची भांडणं करायला वापरलं होतं.

जूनमध्ये दुकान अर्धं शटर करून उघडं ठेवायचो. एक बाई आली. पदरानेच तोंड बांधलेलं. ब्लाउजमधून प्लॅस्टिकची पिशवी काढली, पिशवीतून पाकीट, पाकिटातून जॉब कार्ड. कार्डाच्या घड्या फाटायला आल्या होत्या. मागून औषधाच्या स्ट्रिपचा चिकट कागद लावून जोडलेल्या. आत जुन्या कामांच्या नोंदी, दिवस, आकडे. शेवटच्या नोंदीनंतर रकाने कोरे.

"हे चालू करून द्या जी."

"बाई, हे माझ्याकडून होत नाही."

"ऑनलाइन आहे मनतेत ना. तुमच्याकडं कॉम्प्युटर आहे."

मी वेबसाइट उघडून दाखवली. जिल्हा गोंदिया, तालुका आमगाव, पंचायत. यादी खाली सरकवत गेलो. तिचं गाव त्या यादीत सापडलं नाही. तिने वाकून स्क्रीनकडे पाहिलं. तिला वाचता येत नव्हतं, तरी पाहिलं. म्हणाली, "गाव त आहे ना जी. मी तिथूनच आली."

त्यामागचं कारण साधं आहे. केंद्राच्या २००५ च्या रोजगार हमी कायद्यात ग्रामीण क्षेत्राची व्याख्या होती: नागरी स्थानिक संस्था किंवा छावणी मंडळाखालचं क्षेत्र सोडून बाकी सगळं. गाव नगर परिषदेत गेलं की त्या हमीतून गेलं. गंमत बघा, ही योजना पहिल्यांदा देशातल्या ज्या २०० जिल्ह्यांत आली, २ फेब्रुवारी २००६ ला, त्यांत महाराष्ट्रातले बारा होते आणि गोंदिया त्यातलाच एक. दिलं आम्हाला सर्वांत आधी, आणि हुकलंही आमचंच.

त्या रात्री भाऊंना फोन केला. ते म्हणाले, "मग आमाले परत गाव करा मना." मी म्हटलं, ते कोर्टात आहे, निवेदनाने होणार नाही. दुसरं काही शोधू.

शोधलं ते भाऊंनीच. एका निवृत्त तलाठ्याने त्यांना सांगितलं की महाराष्ट्राचा स्वतःचा रोजगार हमी कायदा केंद्राच्या आधीचा आहे आणि त्यात लहान नगरपालिकाही होत्या. खरी गोष्ट. ७२ च्या दुष्काळातली ती योजना, वि. स. पागे यांची. ते विधान परिषदेचे सभापती होते. कायदा १९७७ चा, अमलात आला २६ जानेवारी १९७९ ला. पैसा उभा करायला शहरातल्या नोकरदारांच्या पगारावर व्यवसाय कर बसवला होता. आजही तो कापला जातो आणि बहुतेकांना तो कशाचा ते माहीत नसतं. या योजनेत ग्रामीण भागाबरोबर 'क' वर्ग नगरपालिकांची क्षेत्रंही धरली होती. 'क' वर्ग म्हणजे चाळीस हजारांच्या आतली. आमच्यासारखी.

भाऊ मोटरसायकल चालू ठेवूनच दारातून ओरडले, "क वर्ग! क वर्ग!" शेजारच्या झेरॉक्सवाल्याला वाटलं, कोणाचा निकाल लागला.

या वेळी मी अट घातली. चौदा मागण्या नाहीत. एकच. भाऊ तयार नव्हते. स्मारक तरी ठेवा म्हणाले. मी ठेवलं नाही. आठ ओळींचा मजकूर झाला: आठ गावं, इतकी जॉब कार्डं, काम बंद, राज्याच्या योजनेत 'क' वर्गाची सोय, ती लावून राज्य निधीतून कामं द्यावीत. त्यांनी तीनदा वाचला. "लय लहान वाटते," म्हणाले. "खालती 'अन्यथा तीव्र आंदोलन छेडण्यात येईल' टाका." ते टाकलं. तेवढं नसलं तर निवेदन आहे असं कोणाला वाटत नाही.

आमदारांच्या कार्यालयातून सांगणं आलं की निवेदन कशाला, प्रश्नाच्या नमुन्यात द्या. आमचा मतदारसंघ अनुसूचित जमातीसाठी राखीव आहे. २०१४ ला संजय पुराम, २०१९ ला सहसराम कोरोटे, २०२४ ला पुन्हा पुराम. भाऊंच्या नऊ प्रतींतला पाचवा पत्ता असा बदलत गेला, मजकूर फार बदलला नाही. विधानसभेच्या प्रश्नाचा नमुना मी आधी कधी टाइप केला नव्हता. पहिल्यांदा केला तेव्हा लक्षात आलं, ही भाषाच वेगळी आहे.

(१) आमगाव (जि. गोंदिया) नगर परिषद क्षेत्रात समाविष्ट करण्यात आलेल्या आठ गावांतील मजुरांना रोजगार हमी योजनेची कामे मिळणे बंद झाले आहे, हे खरे आहे काय;

(२) असल्यास, 'क' वर्ग नगर परिषद क्षेत्रात राज्य निधीतून कामे सुरू करण्याबाबत शासनाने कोणता निर्णय घेतला वा घेण्यात येत आहे;

(३) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?

भाऊंना यातलं 'हे खरे आहे काय' फार आवडलं. नंतर कित्येक दिवस ते चहावाल्यालाही विचारायचे, "साखर टाकली, हे खरे आहे काय?" मी त्यांना सांगितलं की याचं उत्तरही ठरलेल्या नमुन्यात येतं. पहिल्याला 'हे खरे नाही' म्हटलं की दुसऱ्या-तिसऱ्याला 'प्रश्न उद्भवत नाही' एवढंच लिहितात आणि काम संपतं. म्हणून पहिली ओळ अशी बांधायची की तिला 'खरे नाही' म्हणता येऊ नये. त्या ओळीवर आम्ही दोन तास बसलो. 'उपासमार' हा शब्द भाऊंना हवा होता; मी काढला. उपासमार म्हटलं की 'खरे नाही' आलंच.

त्या अधिवेशनात आमचा प्रश्न लागला नाही. प्रश्न शेकड्यांनी जातात, आधी सोडत निघते, पुढेही तासभरात सगळे कुठून होणार.

मग नागपूर. २०२२ चं हिवाळी अधिवेशन १९ डिसेंबरला सुरू झालं. त्या दिवसांत कर्नाटक सीमेवरच्या गावांच्या बातम्या रोज टीव्हीवर होत्या, आणि आमच्या आठ गावांतूनही 'सोयी देता येत नसतील तर आम्हाला मध्य प्रदेशात टाका' अशी मागणी निघाली होती. भाऊंना ती पटत नव्हती आणि सोडवतही नव्हती. "तिकडं गेलो त सून स्थानिक होते," एवढं बोलून हसले.

सकाळच्या गाडीने आम्ही अकरा जण निघालो. डब्यात भाकरी, चटणी, नऊ प्रती आणि एक जास्तीचा संच. यशवंत स्टेडियमवरून मोर्चे निघतात. आमचा मोर्चा म्हणावा असा नव्हताच. एका मोठ्या मोर्चाच्या शेपटीला आम्ही बॅनर धरून लागलो. पुढे कोण होतं ते आम्हाला शेवटपर्यंत नीट कळलं नाही. बहुधा शिक्षक असावेत, कारण घोषणांचं व्याकरण शुद्ध होतं. टेकडी रोडला अडवलं. शिष्टमंडळासाठी नावं द्या, पाच जण. भाऊंनी माझं नाव दिलं. "तुमीच लिवलं, तुमीच सांगा."

आत एका मंत्र्यांसमोर आम्हाला उभं केलं तेव्हा दुपारचे साडेतीन झाले होते. आधी दोन शिष्टमंडळं, मागे तीन. भाऊंनी हात जोडले, आणि वर्षभर पाठ केलेलं बोलायच्या वेळी एकदम म्हणाले, "साहेब, आमचं गाव शहर झालं जी." मंत्री म्हणाले, "अभिनंदन." खोटं नाही सांगत. मागच्या कोणीतरी हसलं. मग मी पुढे होऊन आठ ओळींतली चौथी ओळ वाचली, 'क' वर्गाची. त्यांनी मान वर केली, कागद घेतला, स्वतः वाचला आणि डाव्या कोपऱ्यात हिरव्या शाईने शेरा मारला: तपासून सादर करावे. खाली सही, तारीख. चार मिनिटं.

परतीच्या गाडीत भाऊंनी तो शेरा असलेल्या प्रतीचा फोटो मोबाइलवर काढून किमान साठ जणांना पाठवला. भंडारा रोड येईपर्यंत फोन वाजत होता. मी खिडकीशी बसून विचार करत होतो की या हिरव्या तीन शब्दांचं काय होणार, ते मला माहीत आहे आणि यांना नाही. पण आता लिहिताना वाटतं, त्यांनाही माहीत असावं. सोळा वर्षं ग्रामपंचायतीत काढलेला माणूस.

उद्योगाचं प्रकरण त्यानंतरचं, आणि त्यात भाऊंचा राग मी पहिल्यांदा पाहिला.

जॉब कार्डवाल्या बाईची जाऊ. तिला मुरमुऱ्याची भट्टी टाकायची होती. घरी हाताने करायचीच: धान भिजवायचं, उकडायचं, वाळवायचं, मिलमधून काढून आणायचं, मिठाचं पाणी लावून गरम करायचं आणि तापल्या रेतीत टाकून फोडायचं. रेती किती तापली ते ती झाडूच्या काडीने बघायची. काडी टेकवायची, नाकाजवळ न्यायची. "जळका वास आला की उशीर झाला, वास नाही आला की लवकर आहे. मधात टाकाव लागते." ते 'मधात' कसं ओळखायचं ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. माझ्यासमोर तिने मूठभर टाकले आणि कढईतून पांढरं काही उसळलं, तोवर तिने चाळणीत काढलेही होते. मशीन घेतलं तर दिवसाला पोत्यांनी निघतील आणि गोंदियाचे व्यापारी घरून उचलतील, हा तिचा हिशेब. कोटेशन सहा लाखांचं.

पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात, ज्याला सगळे पीएमईजीपी म्हणतात, महिलेला ग्रामीण भागात ३५ टक्के अनुदान आहे, शहरी भागात २५. पूर्वी वीस हजार लोकसंख्येपर्यंतचं ठिकाण ग्रामीण धरत. २०२२ ला नियम बदलला: पंचायत राज संस्थेखालचं ते ग्रामीण, नगरपालिकेखालचं ते शहरी. सहा लाखांवर ३५ टक्के म्हणजे दोन लाख दहा हजार. २५ टक्के म्हणजे दीड लाख. साठ हजारांचा फरक. घर तेच, भट्टी तीच, रस्त्यावर चिखल तोच. बचत गटाकडून काही होईल म्हणावं तर 'उमेद' ग्रामीण, म्हणजे तेही दार बंद.

प्रोजेक्ट रिपोर्ट मी तयार केला. कच्चा माल, वीज, मजुरी, विक्री. बँकेत गेलो. कोणती ते सांगत नाही. साहेबांनी फाइल चाळली आणि विचारलं, "तारण?" भाऊ म्हणाले, दहा लाखांपर्यंत तारण लागत नाही असं योजनेत आहे. साहेब म्हणाले, योजनेत आहे. त्या 'योजनेत आहे'नंतर ते काही बोललेच नाहीत. पंख्याचा आवाज येत राहिला. बाई भाऊंकडे, भाऊ माझ्याकडे.

बाहेर आल्यावर भाऊ पायऱ्यांवर बसले. "मोठा उद्योग, मोठा उद्योग म्हणून मी दहा वर्सं कागद वाटले," ते म्हणाले. "हिले सहा लाख नाही देऊन रायले, मले हजार कोटीची कंपनी कोन देते?" मग शिव्या दिल्या. त्या लिहीत नाही. त्यांचा रोख बँकेपेक्षा स्वतःकडेच जास्त होता.

त्यानंतरची त्यांची निवेदनं बदलली. लहान झाली, आकड्यांची झाली. या आठ गावांना पीएमईजीपीपुरतं ग्रामीण धरा. बँकेकडे किती प्रकरणं आली, किती मंजूर, किती परत, कारणासहित यादी द्या. ही दुसरी मागणी त्यांनी जिल्ह्याच्या बैठकीत उभं राहून केली. निमंत्रण नसताना मागच्या खुर्चीवरून. त्यांना बसायला सांगितलं. ते बसले आणि पुन्हा उठले. यादी मिळाली नाही, पण महिन्याभरात तीन प्रकरणं हलली. आमच्या बाईचं त्यात नव्हतं. तिने शेवटी खासगी कर्ज काढून जुनं मशीन आणलं, छत्तीसगडमधून, अर्ध्या किमतीत. मोटर दोनदा जळली. आता चालतं. दोन बाया कामाला आहेत, दोघींकडेही कोऱ्या रकान्यांची जॉब कार्डं आहेत. आठवडी बाजारात ती बसते. माझ्याकडून पैसे घेत नाही, त्यामुळे मी तिच्या रस्त्याने जात नाही.

गेल्या पावसाळ्यात भाऊ आले. अंगात रेनकोट, त्याच्या आत शर्ट, शर्टच्या आत पिशवी. मुंबईहून एका विभागाचं पत्र आलं होतं. हिरव्या शेऱ्याचं उत्तर, इतक्या दिवसांनी. मी वाचलं. आपले क्षेत्र नागरी स्थानिक संस्थेच्या हद्दीत येत असल्याने व तेथे ग्रामपंचायत अस्तित्वात नसल्याने सदर मागणी विचारात घेता येत नाही. 'क' वर्गाबद्दल एक अक्षर नाही. मी वर पाहिलं. भाऊंचा चेहरा पडलेला नव्हता.

"पत्र सोडा," ते म्हणाले. "पाकीट पाहा."

पाकिटावर त्याच विभागाचा शिक्का आणि खाली ठळक अक्षरांत पत्ता: मा. उपसरपंच, ग्रामपंचायत, अमुक गाव, ता. आमगाव.

"शासनाच्या मतानं ग्रामपंचायत आहे, हे खरे आहे काय?" भाऊ म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले. "नवीन निवेदन टाका. आन याची झेरॉक्स काढा. दोन्ही बाजूनं. सहपत्र एक."

"किती प्रती?"

"नऊ."